मादामा बटरफ्लाय बघायच्या आधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपेराचं नाव काढलं की घरच्यांपासून ऑफिसातल्यांपर्यंत सगळे मला तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. शेवट काय होतो ते खाली सरळ सांगितलंय, स्पॉयलर म्हणून ओरडू नका, १२० वर्षं होऊन गेली त्याला.

हे नक्की काय आहे आणि कोणाचं?

जाकोमो पुच्चीनीचा इटालियन ऑपेरा. गोष्ट जपानमधल्या नागासाकीत घडते, सगळे गातात इटालियनमध्ये, आणि हिरो (हिरो म्हणताना जीभ अडखळते पण चालवून घ्या) अमेरिकन नेव्हीतला लेफ्टनंट. शब्द लुईजी इल्लिका आणि जुझेप्पे जाकोझा या जोडीचे, ला बोएम आणि तोस्का हे ऑपेरासुद्धा याच तिघांचे. पहिला प्रयोग १७ फेब्रुवारी १९०४, मिलानच्या ला स्काला थिएटरात.

ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच ना?

हो आणि नाही. संगीत नाटकात आधी गद्य बोलतात, मग पद येतं, वन्स मोअर मिळाला की तेच पद परत होतं, पुच्चीनीच्या ऑपेरात गद्य असं नाहीच. "व्हिस्की घेणार की मिल्क पंच?" हेसुद्धा गाऊनच विचारतात, खरंच, पहिल्या अंकात पिंकर्टन (तोच तो लेफ्टनंट) अमेरिकन कॉन्सुलला, म्हणजे वकिलातीतल्या अधिकाऱ्याला, हेच विचारतो. मधे आरिया येते तेव्हा समजायचं की आता पद सुरू झालं. आणि माइक नसतो. एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचवायचा.

गोष्ट काय आहे?

लेफ्टनंट पिंकर्टन नागासाकीत येतो. गोरो नावाचा एक दलाल आहे, तो घरंही लावून देतो आणि लग्नंही, म्हणजे इस्टेट एजंट आणि वधूवर सूचक मंडळ एकाच माणसात. तो पिंकर्टनला टेकडीवरचं घर ९९९ वर्षांच्या करारावर देतो, पण दर महिन्याला करार मोडायची मुभा. आणि त्याच अटीवर बायको. पिंकर्टन हे सगळं कॉन्सुल शार्पलेसला हसत हसत सांगतो आणि वर ज्या दिवशी आपण खऱ्या अमेरिकन बायकोशी लग्न करू त्या दिवसाच्या नावाने ग्लास उचलतो, म्हणजे अजून नवरी टेकडी चढून वर आलेलीसुद्धा नाही.

नवरी चो-चो-सान, म्हणजेच बटरफ्लाय, वय १५. घर एकेकाळी चांगल्या स्थितीतलं, मग गरिबी आली म्हणून गेशा झाली, म्हणजे नाचगाण्याने पाहुण्यांचं मन रमवणारी. बापाची आठवण म्हणून एक खंजीर जवळ ठेवते, सम्राटाने बापाला तो पाठवला होता आणि सोबत हाराकिरीची आज्ञा, बापाने ती पाळली. लग्नासाठी ती गुपचूप मिशनमध्ये जाऊन धर्म बदलून आली आहे. हे कळल्यावर तिचा काका, जो बौद्ध भिक्षू आहे, भर लग्नात येऊन शिव्याशाप देतो आणि सगळे नातेवाईक तिला वाळीत टाकून निघून जातात. मग रात्र, चांदणं आणि लांबलचक प्रेमाचं द्वंद्वगीत. त्यात ती मधेच विचारते की तुमच्या देशात म्हणे फुलपाखरू हाती लागलं की त्याला टाचणी टोचून फळीवर लावतात? पिंकर्टन म्हणतो, हो, उडून जाऊ नये म्हणून. मी हे पहिल्यांदा सबटायटल वाचत ऐकलं तेव्हा पुढचं अख्खं गाणं डोक्यात शिरलंच नाही.

तीन वर्षं जातात. तो गेलाय, डब्यात चार नाणी उरलीत, मोलकरीण सुझुकी देवापुढे बसलीय आणि ही ठाम की तो येणार. दुसरं स्थळ येतं, श्रीमंत यामादोरी, तिला ते नको. शार्पलेस पिंकर्टनचं पत्र घेऊन येतो पण त्याच्याने ते वाचून संपवणं होत नाही, कारण ती प्रत्येक ओळीला खूश होतेय. मग ती आत जाऊन एक मूल घेऊन येते. पिंकर्टनला त्या मुलाचा पत्ताच नाही. तेवढ्यात बंदरातून तोफ ऐकू येते, जहाज आलं, अब्राहम लिंकन नावाचं. ती आणि सुझुकी बागेतली सगळी फुलं तोडून घरभर पसरतात, ती लग्नातला पोशाख घालते, कागदी दाराला तीन भोकं पाडते, एक आपल्या उंचीचं, एक सुझुकीसाठी खाली, एक मुलासाठी त्याच्याही खाली, आणि रात्रभर तिथे उभी राहते.

सकाळी पिंकर्टन येतो, सोबत अमेरिकन बायको केट. मुलाला न्यायला आलेत. तो स्वतः तिच्यासमोर उभा राहायलाही धजत नाही, एक गाणं म्हणून निघून जातो. ती केटला सांगते, अर्ध्या तासाने त्यालाच पाठवा, मूल देते. मग बापाचा खंजीर. पात्यावर कोरलंय की ज्याला मानाने जगता येत नाही त्याने मानाने मरावं.

चो-चो-सान हा उच्चार बरोबर आहे का? सिओ-सिओ-सान म्हणतात ना?

चो-चो-सानच. इटालियन स्पेलिंग इंग्रजीसारखं वाचलं की सिओ होतं. जपानीत फुलपाखराला चोओचोओ म्हणतात आणि सान म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'ताई'सारखं आदरार्थी.

खरी घटना आहे का ही?

याची पूर्ण वंशावळ आहे, ती बघण्यासारखी आहे. आधी पिएर लोती नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८८७ साली नागासाकीतल्या आपल्या तात्पुरत्या लग्नावर पुस्तक लिहिलं. परदेशी खलाशांनी बंदरात असेपर्यंत महिन्याच्या हिशेबाने बायको 'करणं' तिथे खरंच चालायचं, हे काही कोणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. गंमत म्हणजे लोतीच्या पुस्तकात शेवटी ती मुलगी रडतबिडत नाही, चांदीची नाणी खरी आहेत का हे छोट्या हातोडीने ठोकून बघत बसलेली असते. व्यवहार होता, संपला.

मग १८९८ साली जॉन ल्यूथर लाँग या अमेरिकन वकिलाने कथा लिहिली. त्याची बहीण मिशनऱ्याची बायको म्हणून नागासाकीत राहिली होती, तिच्याकडून ऐकलेली हकीकत असं तो सांगायचा. पण त्याच्या कथेत बटरफ्लाय मरत नाही! खंजीर उचलते, पण शेवटी मूल आणि मोलकरणीला घेऊन निघून जाते, केट आल्यावर घर रिकामं. तिला मारलं ते डेव्हिड बेलास्कोने, १९०० साली न्यूयॉर्कमध्ये केलेल्या एकांकिकेत. ते नाटक त्याच वर्षी लंडनला गेलं आणि तिथे पुच्चीनीने बघितलं. त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. तरी भारावला, कारण बेलास्कोने रात्रभर वाट बघण्याचा प्रसंग एकही शब्द न बोलता, नुसत्या बदलत्या प्रकाशात जवळपास १४ मिनिटं दाखवला होता, आणि ते समजायला इंग्रजी कशाला लागतंय.

म्हणजे बघा, नाणी ठोकून बघणारी मुलगी तीन पुरुषांच्या हातातून जाताजाता बापाच्या खंजिराने मरणारी झाली. मला हा प्रवास ऑपेराइतकाच सांगण्यासारखा वाटतो.

पुच्चीनी जपानला गेला होता का?

कधीच नाही. तो तोस्कानात, तोरे देल लागोला तळ्याकाठी राहायचा, बदकं मारायचा आणि गाड्या पळवायचा. फेब्रुवारी १९०३ मध्ये गाडी उलटून पाय मोडला, उपचार चालू असताना मधुमेह निघाला, आणि या ऑपेराचं काम बरंचसं त्या दुखण्यात झालं. जपानबद्दल त्याने माहिती जमवली मात्र मन लावून. इटलीतल्या जपानी राजदूताच्या पत्नीला भेटला, तिच्याकडून गाणी ऐकली, १९०२ साली सादा याक्को ही जपानी अभिनेत्री आपली कंपनी घेऊन मिलानला आली तेव्हा तिचं बोलणं ऐकायला गेला.

मग यातला जपान कितपत खरा?

खरं सांगायचं तर हा जपान नकाशावर नाही. तेव्हा युरोपात जपानचं वेड होतं, पंखे, पडदे, किमोनो, चित्रं घरोघरी, आणि त्या सामानातूनच हा देश उभा केलाय. सुझुकीचंच घ्या. सुझुकी हे आडनाव आहे! घरकामाच्या बाईला सगळे "अगं कुलकर्णी, पाणी आण" म्हणताहेत असं इमॅजिन करा. काका बौद्ध भिक्षू, पण शाप देताना ओरडतो "कामी सारुन्दासिको", जे शिंतो (जपानचा मूळ धर्म) देव सारुताहिकोचं मोडकंतोडकं नाव दिसतं, म्हणजे देव दुसऱ्या घरचा आणि नावही चुकलेलं. जपानी माणसाला हे ऐकताना काय होत असेल याची कल्पना करायची तर हिंदी सिनेमातला "आई गं" आणि नऊवारीवाला मराठी माणूस आठवा, त्याच्या दहापट.

पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. या ऑपेरात कल्पनेतले देश दोन आहेत. एक पुच्चीनीचा जपान, त्याच्यावर सगळे बोलतात. दुसरा बटरफ्लायचा अमेरिका, त्याच्यावर कोणीच बोलत नाही. तीही तिथे कधी गेलेली नाही! दुसऱ्या अंकात गोरो आणि यामादोरी तिला समजावतात की नवऱ्याने टाकलं म्हणजे कायद्याने घटस्फोटच झाला, ती म्हणते तो जपानचा कायदा, माझ्या देशाचा नाही, माझा देश अमेरिका. आणि मग ती अमेरिकन कोर्टाची नक्कल करून दाखवते, न्यायाधीश कसा बायकोला टाकणाऱ्या नवऱ्याला झापतो आणि सरळ तुरुंगात पाठवतो. शार्पलेस अमेरिकन सरकारचा माणूस, तो समोर बसून हे ऐकतोय. त्याच्या आधी ती त्याला विचारते की अमेरिकेत रॉबिन पक्षी घरटी कधी बांधतात हो, कारण रॉबिन घरटं बांधतील तेव्हा येईन असं पिंकर्टन म्हणाला होता आणि इथे तीनदा बांधून झाली, तिकडे कदाचित उशिरा बांधत असतील. शार्पलेस म्हणतो, मी पक्षिशास्त्र शिकलेलो नाही.

पुच्चीनीच्या जपानमधल्या चुका बटरफ्लायच्या अमेरिकेतल्या चुकांपुढे मला किरकोळ वाटतात. त्याच्या चुकांनी फार तर अभ्यासक वैतागतात. तिच्या चुकीची किंमत तिलाच मोजावी लागते.

संगीत तरी जपानी आहे का?

तुकड्यातुकड्यात. साकुरा साकुरा आहे, लग्नाच्या प्रसंगात सरकारी अधिकारी येतो तेव्हा किमिगायो म्हणजे जपानचं राष्ट्रगीत, यामादोरीला मिया-सान नावाची चाल. अमेरिकेसाठी स्टार स्पँगल्ड बॅनर, आज ते राष्ट्रगीत म्हणून सगळ्यांना माहीत आहे पण तेव्हा तसं अधिकृत नव्हतं, नौदलात वाजायचं, राष्ट्रगीत झालं १९३१ साली. आणि एक मजा, २०१२ च्या सुमारास एका अमेरिकन संगीत अभ्यासकाने न्यू जर्सीच्या एका म्युझियममधला स्वित्झर्लंडमध्ये बनलेला जुना म्युझिक बॉक्स ऐकला तर त्यात या ऑपेरातल्या चाली निघाल्या, आणि त्या जपानी नाही तर चिनी होत्या, त्यातलं एक गाणं तर बऱ्यापैकी चावट. पुच्चीनीने त्या चाली अशाच पेटीतून उचलल्या असं त्याचं म्हणणं आहे. बाकी पेटंट पुच्चीनी, त्या चाली इटालियन ऑर्केस्ट्रात अशा मुरल्यात की शिवण दिसत नाही.

पहिला प्रयोग आपटला होता असं ऐकलं, खरंय?

साफ आपटला. आणि नुसता थंड प्रतिसाद नाही, हुर्यो. नायिका होती रोझिना स्टोर्किओ, गायक तगडे, तरी लोक ओरडत होते की हे तर तुझ्याच ला बोएमचं आहे. तिचा किमोनो वाऱ्याने फुगला तर कोणीतरी ओरडलं, बटरफ्लायला दिवस गेलेत! पहाटेच्या प्रसंगात पक्ष्यांचे आवाज वाजवले तर प्रेक्षकांनी कोंबडे, कुत्रे, गाई सगळे आवाज काढले. विरोधकांनी माणसं पेरली होती असं बरेचजण म्हणतात. पण एक दोष खरा होता, ऑपेरा दोनच अंकांचा होता आणि दुसरा अंक दीड तास सलग.

पुच्चीनीने एका प्रयोगानंतर तो मागे घेतला, काटछाट केली, दुसऱ्या अंकाचे दोन भाग केले आणि २८ मे १९०४ ला ब्रेशाला परत केला, तिथे युक्रेनियन सोप्रानो (सर्वांत उंच पट्टीची गायिका) सोलोमिया क्रुशेल्नित्स्का बटरफ्लाय होती आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. तीन महिन्यांत! त्यानंतरही तो हात फिरवतच राहिला, आज बहुतेक ठिकाणी होतो तो साधारण १९०७ चा पाठ. २०१६ च्या डिसेंबरात ला स्कालाने मुद्दाम मूळ १९०४ चा पाठ परत केला, तेव्हा मात्र टाळ्या.

पिंकर्टनला शेवटी पश्चात्ताप होतो ना?

होतो, पण तो नंतर घातलेला आहे. मूळ पाठात तो आणखी उर्मट होता, नोकरांची नावं सांगितल्यावर त्यांना थोबाड एक, थोबाड दोन, थोबाड तीन म्हणणारा, सासरच्यांची टिंगल करणारा, आणि शेवटची रडणारी आरिया त्याला नव्हतीच. ब्रेशाला ती मिळाली. टेनरला, म्हणजे पिंकर्टन करणाऱ्या उंच पट्टीच्या गायकाला, काहीतरी गायला हवं आणि प्रेक्षकाला तो थोडा तरी सहन व्हावा म्हणून. चाल सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण नीट ऐका, तो फुलांनी भरलेल्या घराचा निरोप घेतो आणि पळतो. आतल्या बाईला भेटत नाही. मला विचाराल तर पुच्चीनीने त्याला माफ केलेलं नाही, फक्त गोड आवाज दिलाय, आणि पहिल्या अंकातसुद्धा तेच केलं होतं.

आजच्या काळात हे बघणं बरोबर आहे का? वंशवादी नाही का?

वाद जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. नम्र, पुरुषासाठी जीव देणारी आशियाई बाई हा साचा जगभर पोचवण्यात या ऑपेराचा मोठा हात आहे. गोऱ्या गायिका चेहरा रंगवून, डोळे ताणून मेकअप करायच्या ते आता बऱ्याच ठिकाणी बंद झालंय, लंडनच्या रॉयल ऑपेराने २०२२ साली आपला जुना प्रयोग जाणकारांशी बोलून सुधारून घेतला. पर्ल हार्बरनंतर न्यूयॉर्कच्या मेट ऑपेराने हा ऑपेराच बाजूला ठेवला, थेट १९४६ ला परत आला. कारण काय असेल ते बघा, अमेरिकन नौदल अधिकारी खलनायक आणि जपानी बाई नायिका, युद्धात कसं चालणार.

जपानमध्ये मात्र नातं जरा वेगळं आहे. तामाकी मिउरा या जपानी सोप्रानोने १९१५ साली लंडनला बटरफ्लाय गायली, पुढे जगभर गायली, पुच्चीनीलाही भेटली. नागासाकीत ग्लव्हर गार्डनमध्ये तिचा पुतळा आहे आणि पुच्चीनीचाही. तिथल्या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या घराला पर्यटक बटरफ्लायचं घर म्हणतात, तसा काही संबंध नाही, पण टेकडीवर आहे, खाली बंदर दिसतं, झालं.

ते प्रसिद्ध गाणं कुठलं?

'उन बेल दी वेद्रेमो', एके दिवशी क्षितिजावर धुराची रेघ दिसेल. लोक ते लग्नसमारंभातसुद्धा वाजवतात, कृपा करून नका वाजवू. ते आशेचं गाणं आहे खरं पण ती ते सुझुकीला पटवायला गातेय, सुझुकीच्या डोळ्यात पाणी आहे म्हणून. जहाज येईल, मी खाली धावत जाणार नाही, इथेच थांबेन, तो टेकडी चढून येईल, हाक मारेल, मी लपून बसेन, थोडी गंमत म्हणून आणि थोडं एकदम भेटल्यावर मरून जाऊ नये म्हणून. सगळा प्रसंग ती जागेवर उभी राहून रंगवते, घडलेला नसताना.

आणि ते तोंड मिटून गुणगुणतात ते?

हमिंग कोरस. कोरस विंगेत, तोंड बंद, आणि स्टेजवर तिघं दाराच्या भोकांतून बघताहेत. मूल झोपतं, सुझुकी झोपते, ती उभीच. बेलास्कोच्या त्या मुक्या प्रसंगाला पुच्चीनीचं हे उत्तर. आणि चाल कुठली, तर शार्पलेस पत्र वाचत होता तेव्हा मागे वाजत होती तीच. म्हणजे जी बातमी तिने नीट ऐकून घेतली नाही, ती रात्रभर तिच्याभोवती गुणगुणतेय.

नायिका १५ वर्षांची आणि गाणारी चाळिशीची, असं का?

कारण १५ व्या वर्षी हे गाऊ गेलं तर गळा कायमचा जाईल. एकदा स्टेजवर आली की ती जवळपास शेवटपर्यंत तिथेच असते, पहिल्या अंकात लहान पोरीसारखं हलकं गायचं आणि शेवटी पूर्ण ऑर्केस्ट्राला पुरून उरायचं. मारिया कॅलास या गाजलेल्या सोप्रानोने स्टेजवर हा रोल फक्त १९५५ साली शिकागोत तीनदा केला. वय विसरायला जमलं तर उत्तम, पण शार्पलेसने तिचं वय विचारल्याचा प्रसंग विसरू नका. उत्तर ऐकून तो म्हणतो, खेळायचं वय. पिंकर्टन म्हणतो, आणि लग्नाच्या मिठाईचं.

कुठलं रेकॉर्डिंग घेऊ? इकडे बघायला मिळतं का?

ऐकायला १९७४ चं, ऑर्केस्ट्रा चालवणारा कारायान, गाणारे मिरेला फ्रेनी आणि पावारोत्ती, ऑर्केस्ट्रा इतका सुंदर की कधीकधी गोष्टच विसरते. रडायचं असेल तर १९६६ चं, गायिका रेनाता स्कोत्तो आणि ऑर्केस्ट्रा चालवणारा बार्बिरोली. बघायला अँथनी मिंगेलाचा प्रयोग, २००५ ला लंडन आणि मग मेट, त्यात मूल म्हणजे जपानी बुनराकू पद्धतीची बाहुली, काळ्या कपड्यातले तीनजण ती चालवतात आणि पाच मिनिटांत ते तुम्हाला दिसेनासे होतात. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात मेटच्या प्रयोगांची स्क्रीनिंग होतात, वेळापत्रकावर नजर ठेवा. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ ला बंद पडलं ते २०१६ ला उघडलं, आणि उघडताना मुंबईचीच सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ गायली, पण नाव ऑपेरा हाउस आहे म्हणून रोज ऑपेरा असतो असं समजून जाऊ नका. संगीत साधारण सव्वादोन तासांचं, मध्यंतरं धरून तीन तास. रुमाल न्या.

मुलाचं पुढे काय होतं?

ऑपेरात येत नाही. शेवटी ती त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधते, हातात बाहुली आणि छोटा अमेरिकन झेंडा देते आणि पडद्यामागे जाते. बाहेरून पिंकर्टनची हाक, बटरफ्लाय, बटरफ्लाय. मग ऑर्केस्ट्राचा तो शेवटचा स्वरमेळ, जो जिथे थांबायला हवा तिथे थांबतच नाही, एक सूर वेगळाच लागतो आणि पडदा. दुसऱ्या अंकात शार्पलेसने मुलाला नाव विचारलं होतं, तेव्हा तिनेच त्याच्या वतीने उत्तर दिलं होतं: आज माझं नाव दुःख, पण बाबांना लिहून कळवा, ते येतील त्या दिवशी माझं नाव आनंद असेल. हा तोच दिवस.